अन्नपूर्णेच्या जागी

मी एक काशाचं नाणं बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. एवढं जुनं नाणं, रोमन सम्राटांच्या काळातलं, या वयात तरी मत्सर सुटायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला मी काय करू?

सध्या माझा मुक्काम सौदी अरेबियात, रियाध शहरात, मलाझ भागातल्या एका जुन्या इमारतीत आहे. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तांदळाचा एक मोठा डबा आहे, त्या डब्यात मी राहतो. झाकण उघडलं की उजेड, लावलं की अंधार. बोलायला वेळ भरपूर आहे, तेव्हा ऐका.

माझा जन्म रोमच्या टाकसाळीतला. तापवलेली काशाची चकती एका ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. त्या घावात मला दोन तोंडं मिळाली. एका बाजूला दाढीवाला सम्राट, दुसऱ्या बाजूला धान्याची देवी ॲनोना. तिच्या एका हातात गव्हाच्या ओंब्या, दुसऱ्या हातात फळांनी भरून वाहणारं शिंग आणि पायाशी धान्य मोजायचं मापटं. रोमचा गहू मिसरहून जहाजांनी यायचा. जहाजं उशिरा आली की लोक खवळायचे. म्हणून सम्राटाने ही देवी नाण्यांवर छापून बाजारात सोडली. बाबांनो, पोटाची काळजी करू नका, ही बघा, ही आहे!

ऐकायला बरं वाटतं. पण शेजारी सोन्याची नाणी पडत होती, आणि सोन्याच्या नाण्याला कुणी भाजी आणायला पाठवत नाही. आम्हा काशाच्या नाण्यांतही पंगतभेद होताच. कुणाच्या पाठीवर हातात वज्र घेतलेला ज्युपिटर, कुणाच्या पाठीवर ढाल-भाला घेतलेली मिनर्व्हा. एकाच्या पाठीवर पंख पसरलेली व्हिक्टोरिया, म्हणजे विजयाची देवी. आरोग्याची देवी सालुस तर चक्क सापाला ताटलीतून भरवायची. एका सैनिकाने व्हिक्टोरियाच्या नाण्याला भोक पाडून ते ताईत म्हणून गळ्यात घातलं होतं. मीही त्याच्याकडेच होतो. माझं त्याने काय केलं असतं? पाव घेतला असता.

तेही व्हायचं नव्हतं. त्या सैनिकाच्या बटव्यातून मी पूर्वेकडे आलो, आणि बुसरा नावाच्या शहराबाहेर एका शेताच्या बांधावर त्याच्या हातून पडलो. तो ताईत चाचपत पुढे गेला. मी मातीखाली गेलो.

मातीत अंगावर हळूहळू हिरवा थर चढला. त्या थराला जाणकार लोक फार मानतात, हे मला पुढे कळलं. आम्हा जुन्या नाण्यांचं तेच कातडं. खालचं काशं कुजलेलं असतं, नाक-डोळे त्या हिरव्या थरातच काय ते टिकून राहिलेले असतात. मला मात्र तो शेवाळासारखा वाटायचा. एक खरं सांगतो, मातीत मी सुखी होतो. शेजार नव्हता ना!

नांगराच्या फाळाने मला वर काढलं. दमास्कसच्या बाजारात एका दुकानदाराच्या डब्यात मी बरीच वर्षं खुळखुळलो. तिथून पिकल्या मिशांच्या एका परदेशी इंजिनिअरने मला उचललं आणि सौदीत धाहरानला आणलं. तेल कंपनीच्या कॅम्पात त्याचं बैठं घर होतं. त्याच्या दिवाणखान्यात मखमली खणांचा एक लाकडी ट्रे होता. ट्रेचं झाकण उघडलं आणि बघतो तर काय, पुन्हा तीच मंडळी! व्हिक्टोरिया, मिनर्व्हा, सालुस आणि तिचा साप.

पाहुणे आले की मिशीवाला ट्रे काढायचा. पाहुण्यांच्या बायका पंखवालीला बघून "वा!" म्हणायच्या, मुलं सापाला बघून किंचाळायची. माझ्यापर्यंत येईतो कॉफी आलेली असायची. तीनदा तर माझ्यावर कुणीतरी बिस्किटाचा चुरा सांडला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, मला मांडायचेही सम्राटाचं तोंड वर करून. माझी देवी बिचारी मखमलीत नाक खुपसून पडलेली.

मग मिशीवाला निवृत्त होऊन मायदेशी निघाला. कॅम्पातली रीत अशी की जाणारा माणूस अंगणात टेबलं मांडून घरातलं सगळं विकून टाकतो. पडदे, पंखे, कुंड्या, सगळं. चांगली नाणी त्याने आधीच एका शौकिनाला दिली होती. पंखवाली गेली, सापवाली गेली. टेबलावर राहिलो आम्ही चार-पाच टवके उडालेले.

ही गोष्ट २००१ सालची. त्या दिवशी रियाधहून एक मराठी कुटुंब तिथे आलं होतं. हेमचंद्र रियाधच्या एका बँकेत कॉम्प्युटरच्या खात्यात होता. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला धाहरानशेजारच्या खोबरला मित्राकडे आला होता, आणि मित्राने त्याला कॅम्पात स्वस्तात मायक्रोवेव्ह मिळेल म्हणून आणलं होतं. बरोबर त्याची बायको मीनाक्षी आणि चौथीत शिकणारी मुलगी आसावरी. मायक्रोवेव्हचा सौदा झाल्यावर मिशीवाल्याने आसावरीला सांगितलं, यातलं एक नाणं तुला भेट, हवं ते घे.

तिने सगळी उलटीपालटी केली. मला उचललं आणि उन्हात धरलं.

"मम्मा, सी! धिस आंटी हॅज गहू! आपल्या आट्याच्या पॅकेटवर आहे ना, तस्साच!"

त्यांच्या घरी सौदीतल्याच हाइलच्या गव्हाचं पीठ यायचं, त्याच्या पिशवीवर ओंब्यांचं चित्र असायचं. तर अशी माझी निवड झाली. पिठाच्या पिशवीशी साम्य निघालं म्हणून. पण निवड झाली ना! माझ्या एवढ्या आयुष्यात कुणी चारांतून मला उचलण्याची ती पहिली वेळ.

घरी पोचल्यावर मीनाक्षीने मला ओट्यावर ठेवलं, दिवा लावला, चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. ओंब्या, भरलेलं शिंग, पायाशी मापटं. मग तिने मला नीट उचललं, आधी उचललं होतं तसं नाही, दोन्ही हातांनी.

"अहो, ही तर अन्नपूर्णा."

"अगं, रोमन नाणं आहे ते," हेमचंद्र म्हणाला.

"असू दे. धान्य काय रोमन असतं का?"

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटाचा वरचा खण म्हणजे त्यांचा देव्हारा होता. पुढे डाळींच्या बरण्या, मागे देव. देव म्हणजे पाकिटात मावतील एवढ्या दोन तसबिरी आणि गणपती म्हणून मांडलेली एक सुपारी. कुणी आलं की खणाचं दार बंद, गेलं की उघड. मीनाक्षीने एका वाटीत तांदूळ घेतले, त्यावर मला ठेवलं. देवी वर, सम्राट खाली. दाढीवाला थेट तांदळात! मला इतका आनंद झाला की काय सांगू. हळदीकुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लागलं, आणि मला वाटलं, पंखवाले, सापवाले, बघा म्हणावं आता.

तेवढ्यात मीनाक्षी हात जोडून म्हणाली, "माझी अन्नपूर्णा इथे आणता आली नाही. तोवर ही तिच्या जागी."

तिच्या जागी! म्हणजे जागा दुसरीचीच. मी बसलो तो बदलीवर.

ती दुसरी कोण, ते मला हळूहळू कळत गेलं. लग्नात गौरीहराच्या पूजेला नवरी अन्नपूर्णेची पूजा करत बसते, आणि आईने दिलेली ती अन्नपूर्णा घेऊनच सासरी जाते. मीनाक्षीची अन्नपूर्णा पितळेची होती. बोटभर उंचीची, हातात पळी घेऊन बसलेली. लग्नानंतर रियाधला यायचं ठरलं तेव्हा कुणीतरी हेमचंद्राला सांगितलं, विमानतळावर बॅग उघडून बघतात, मूर्ती सापडली तर नोकरीवर गदा येईल. हेमचंद्र आधीच घाबरट. मग ती अन्नपूर्णा वाईला मीनाक्षीच्या आईच्या देव्हाऱ्यात राहिली.

दर शुक्रवारी मीनाक्षी आईला फोन करायची. प्रकृती झाली, हवापाणी झालं की हमखास तो प्रश्न यायचा.

"आई, माझी अन्नपूर्णा घासलीस का गं?"

आणि पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज. "घासली बाई! चिंच लावून घासली. अशी लख्ख झालीय, तोंड बघून घे!"

ते ऐकून मीनाक्षीचा चेहरा उजळायचा आणि इकडे वाटीत मी जळून कोळसा व्हायचो. लख्ख म्हणे! माझ्या अंगावर तर हिरवं शेवाळ. रोज सकाळी वाफाळत्या भाताचा पहिला घास कुणापुढे ठेवला जातो? माझ्यापुढे. तव्यावरची पहिली पोळी कुणाला दाखवतात? मला. आसावरीची परीक्षा, हेमचंद्राच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण, सगळ्या विनवण्या कुणापुढे होतात? माझ्यापुढेच. आणि "माझी" कोण? तर हजारो मैलांवर बसलेली ती पळीवाली. काम मी करायचं आणि नाव तिचं. पंखवाली परवडली, ती निदान डोळ्यांसमोर तरी होती. जी कधी दिसलीच नाही तिच्यावर जळणं फार वाईट. तिच्यात खोट काढायलाही काही सापडत नाही.

खालच्या मजल्यावर अफशाँ राहायची. रायगडातल्या म्हसळ्याची. तिचा नवरा तल्हा पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात होता. या दोघी बायका मराठीला आसुसलेल्या. रमजानात अफशाँकडून वर तांदळाची गोड सांजणं यायची, होळीला इकडून खाली पुरणपोळी जायची. नवरे कामावर गेले की एक कोणीतरी दुसरीकडे असायचीच. अफशाँ आली की मात्र मीनाक्षी देव्हाऱ्याच्या खणाचं दार लावायची नाही. ते उघडं दार बघून अफशाँ खुर्ची जरा वळवून बसायची, इतकंच.

एकदा तिने विचारलं, "कोण गो ही, तांदलात बसलेली?"

"अन्नपूर्णा."

"आणि ती तुज्या आईकडं हाय ती?"

"ती खरी. ही तिच्या जागी."

बघा! परक्या माणसासमोरसुद्धा.

दरवर्षी सुट्टीला मंडळी भारतात जायची. परत आली की मीनाक्षीच्या बोलण्यात आठ दिवस तीच. कशी दिसते, आईने तिला कसलं खणाचं वस्त्र शिवलंय, नाकात मोत्याचा कसला दाणा घातलाय. मी वाटीत कोरडा पडलेला. मला कुणी वस्त्र शिवायचं नाही. मला कुठे कमरेचा घेर आहे?

२००६ साली ऑगस्टात फोन आला तो मीनाक्षीच्या भावाचा, अरविंदचा. आई गेली. पासपोर्ट हेमचंद्राच्या बँकेच्या ताब्यात, त्यावर जाऊन परत येण्याचा शिक्का मिळवायचा, मधे सुट्टीचे दिवस. हेमचंद्र कार्यालयातून कार्यालयात धावला. मीनाक्षी वाईला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आली ती वेगळीच होऊन. कढईत फोडणी जळायची आणि ती खिडकीशी उभी.

"अन्नपूर्णा?" हेमचंद्राने एकदा विचारलं.

"अरविंदने कपाटात ठेवून कुलूप लावलंय. घरी कोण आहे रोज पूजा करायला? मी आणणार होते. तुम्हीच म्हणालात, नको."

आणि मी? मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. बसली कपाटात! आता कोण घासणार तिला, कोण म्हणणार लख्ख? दर शुक्रवारचा तो प्रश्न बंद झाला. फोनच बंद झाला.

नवरात्र जवळ आलं. एका सकाळी अफशाँ वर आली होती. मीनाक्षीने खणातले सगळे देव खाली काढले, निरांजन काढलं, तांब्या काढला आणि भांडी धुवायच्या सिंकपाशी नुसतीच उभी राहिली.

"आई घटस्थापनेच्या आधी सगळे देव घासायची," ती म्हणाली. "दोन-चार वर्षांतून मी असले तिकडे तर माझी अन्नपूर्णा मला घासायला द्यायची. म्हणायची, तुझी आहे, तूच घास."

अफशाँने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घास की मग. ही हाय ना तुज्याकडं."

"हिला कधी घासलीच नाही. अशीच हिरवी ठेवली मी, परक्यासारखी. चिंचसुद्धा संपलीय."

"आमसुलं घे गो. आमी तांबा-पितल आमसुलानीच घासतो. आरशागत होतं. मी आनते."

ती खाली जाऊन वाटीभर म्हसळ्याची आमसुलं घेऊन आली. मीनाक्षीने ती कोमट पाण्यात भिजवली, त्यात मीठ घातलं आणि मला हातात घेतलं.

"आईची घासायला नाही मिळाली," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तूच."

मला काय झालं ते मी कसं सांगू? तूच! मी वर्षानुवर्षं ज्यासाठी जळत होतो ते माझ्याकडे चालत आलं होतं. मीही लख्ख होणार. मीही आरसा होणार. आंबट पाणी अंगावर पडलं तसं चुरचुरलं, पण मी म्हटलं, चुरचुरू दे. नारळाच्या शेंडीने ती गोल गोल घासत होती, डोळ्यांतून पाणी टपटप गळत होतं, आणि मधेच ती गुणगुणायलाही लागली. सिंकमध्ये हिरवं पाणी वाहत होतं. घास बाई, मी म्हणत होतो, अजून घास.

मग तिने मला नळाखाली धरलं आणि पदराने पुसलं.

मी चमकत होतो. तांबूस पिवळा, अगदी नव्यासारखा. मीनाक्षीने मला उजेडात धरलं, मग डोळ्यांजवळ नेलं.

"अफशाँ, हिचं तोंड कुठे गेलं गं?"

देवीचं नाक गेलं होतं. डोळे गेले होते, ओठ गेले होते. जिथे चेहरा होता तिथे खड्डे-खड्डे पडलेलं गुळगुळीत काशं. ओंब्यांच्या चार रेघा राहिल्या होत्या, मापटं कसंबसं ओळखू येत होतं. माझ्या देवीचा चेहरा त्या हिरव्या शेवाळात होता आणि तो सिंकच्या जाळीतून निघून गेला होता.

संध्याकाळी हेमचंद्राने इंटरनेटवर शोधून काढलं. "अगं, जुनं नाणं कधी म्हणजे कधीच घासायचं नसतं म्हणे. हिरवा थर हाच..."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू घासणार आहेस हे मला कुठे ठाऊक होतं?"

ती जेवली नाही. आणि खरा प्रश्न तर पुढेच होता. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात विसर्जन करतात. हे मीनाक्षीच्या आईने तिला लहानपणीच सांगितलेलं. वाहतं पाणी रियाधमध्ये कुठून आणायचं? इथे पाणी टँकरने येतं. शेवटी ठरलं की गुरुवारी खोबरला जायचं आणि समुद्रात सोडायचं. त्या आठवड्यात मी हातरुमालात गुंडाळलेला ओट्याच्या कोपऱ्यात पडून होतो. नैवेद्य नाही, कुंकू नाही. मला मातीत राहायची सवय होती, पण समुद्राची नव्हती. समुद्रातून कुणाचा नांगर मला वर काढणार?

खोबरच्या किनाऱ्यावर त्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या पसरून बसली होती, कोळशावर मांस भाजल्याचा वास येत होता. मीनाक्षी पायघोळ काळ्या अबायात कठड्याशी उभी राहिली. तिने रुमाल सोडला. मी तिच्या तळहातावर, खाली हिरवं पाणी दगडांवर आपटतंय. तिने डोळे मिटले. हात कठड्याबाहेर गेला.

"आई, थांब," आसावरी म्हणाली. ती आता दहावीत होती आणि आईशी क्वचितच मराठीत बोलायची. "मूर्ती खंडित होते ना? पण ही मूर्ती कुठाय? धिस इज अ कॉइन. नाणं आहे ते. नाणं झिजतंच."

मीनाक्षीने डोळे उघडले. हात आत घेऊन तिने मला उलटंसुलटं करून बघितलं.

"खरंच," ती म्हणाली. "नाणंच तर आहे."

देवी नाही, नुसतं नाणं, हेच तर इतकी वर्षं मला सलत आलं, आणि त्यानेच मला वाचवलं. आयुष्यात एवढा एकच अपमान मला गोड लागला.

मात्र पुन्हा देव्हाऱ्यात काही मी गेलो नाही. मन धजावलं नाही तिचं. मला तिने तांदळाच्या डब्यात ठेवलं. "पूजेत नको, पण धान्यात असू दे," म्हणाली. माझ्या वाटीत कोण बसलं असेल? दुसरी सुपारी! रोमहून निघालेल्या, सम्राटाला पाठीवर घेऊन हिंडलेल्या नाण्याची जागा एका सुपारीने घेतली. तिच्यावरही मी जळलो, लपवत नाही.

डब्यातल्या आयुष्याला मात्र एक गोष्ट होती. सकाळ-संध्याकाळ मीनाक्षीचा हात तांदळात यायचा. माप भरताना तिची बोटं मला शोधायची, एकदा दाबायची आणि मग तांदूळ घेऊन जायची. कुणाला सांगितलं नाही तिने. हेमचंद्रालासुद्धा ठाऊक नव्हतं.

२००९ साली आसावरी बारावी झाली. इथल्या मुलांची ही ठरलेली वाट, बारावी झाली की भारतात कॉलेज. हेमचंद्रानेही नोकरी आवरती घेतली. फायनल एक्झिटचा शिक्का पासपोर्टवर पडला, घरात खोके आले, भिंतींवरून कॅलेंडरं उतरली. मीनाक्षीने मला डब्यातून काढून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

हेमचंद्राने ते बघितलं. "हे नको बरोबर. जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला कागद लागतात. आपल्याकडे काय आहे? त्या मिशीवाल्याची चिठ्ठीसुद्धा नाही. विमानतळावर विचारलं तर काय सांगू?"

"कोण विचारतंय एवढ्याशा नाण्याला?"

"विचारलं तर?"

मीनाक्षी खोक्यावर बसली. "येताना विचारतील म्हणून ती तिकडे राहिली. जाताना विचारतील म्हणून ही इकडे. तुमच्या त्या विचारणाऱ्यांना मी आजवर एकदाही पाहिलं नाही हो."

तो खाली मान घालून सेलोटेप गुंडाळत राहिला. चांगला माणूस, पण भीतीपुढे त्याचं काही चालत नाही.

मग तिने मला परत तांदळात ठेवलं आणि डबा उचलून खाली अफशाँकडे आली. जाणाऱ्याने उरलेलं धान्य शेजारी द्यायचं, ही इथली पद्धतच आहे. पण तिने झाकण उघडून मला वर काढलं आणि अफशाँपुढे धरलं.

"हे पण आहे यात. तुझ्या घरात चालणार नसेल तर स्पष्ट सांग. मी रागावणार नाही."

अफशाँच्या घरात कुणाची तसबीर नाही, बाहुलीसुद्धा नाही. तिने मला घेतलं, खिडकीशी नेलं, उन्हात तिरपं करून बघितलं.

"हिला तोंडच नाय उरलेलं गो," ती म्हणाली. "तोंड नाय, तर माज्या घरात काय हरकत नाय. ऱ्हाऊदे तांदलात. तुजी अमानत म्हनून ऱ्हाऊदे."

ऐकलंत ना? ज्या चेहऱ्यासाठी मीनाक्षी रडली, तो गेला म्हणून मला घर मिळालं. चेहरा असता तर मी कुठे असतो कोण जाणे. दोघी एकमेकींना मिठी मारून रडल्या, खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत "यल्ला, यल्ला" ओरडत होता, आणि मीनाक्षी गेली.

आता ती वाईला जाणार, कपाटाचं कुलूप काढणार, पळीवालीला बाहेर घेणार, चिंच लावणार. लख्ख! डब्याच्या अंधारात मी रोज ते चित्र बघत होतो. तांदूळ गरम होत नाहीत कसे, याचंच मला आश्चर्य वाटायचं.

गेल्या शुक्रवारी अफशाँ दुपारच्या भातासाठी डबा उघडून बसली होती. मोबाइल वाजला. हात तांदळात होते म्हणून तिने कोपराने तो जवळ ओढला आणि स्पीकर लावला. आवाज मीनाक्षीचा.

"अफशाँ, काल ती घरी आणली गं. अरविंदने कपाट उघडून दिलं."

"अन्नपूर्णा? बरी हाय ना?"

"काळीठिक्कर पडलीय. तीन वर्षं कुणी हात लावला नाही तिला. आमसुलं भिजवली, घासायला घेतली आणि माझा हातच चालेना. ठेवून दिली तशीच. काळीच."

"अगो, ती पितलंची. तिला काय होतंय?"

"ठाऊक आहे. तरी नाही चालला. आणि भात टाकताना अजून माझा हात डब्यात तळापर्यंत जातो. हाताला काही लागत नाही. अफशाँ, माझी अन्नपूर्णा बरी आहे ना गं?"

"कंची? ती तर तुज्या फुडं हाय ना?"

"ही आईची. माझी म्हणजे ती तांदळातली."

अफशाँने तांदळात बोटं फिरवली. मला शोधलं, दाबलं.

"हाय हाय. आताच हाताला लागली."

तर शेवटी हे झालं. "माझी" म्हणजे मी. ज्या दोन अक्षरांसाठी मी इतकी वर्षं जळलो, ती मला मिळाली, तीही तोंड गेल्यावर आणि मीनाक्षी निघून गेल्यावर. मी आनंदाने नाचायला हवं होतं. नाचलोही जरासा.

पण मग मला एक आठवलं. मीनाक्षी बोलत होती ते घरातूनच. म्हणजे ती काळी पडलेली पळीवाली तिथेच कुठेतरी बसलेली असणार, आणि तिने ते ऐकलं असणार. आपल्यासमोर आपल्या बाईने दुसरीला "माझी" म्हटलेलं ऐकायचं, हे काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आई गेली, तीन वर्षं कुलपात काढली, आणि बाहेर आल्यावर हे.

म्हणून मीनाक्षीबाई, तांदळाच्या डब्यातून तुम्हाला एवढंच मागतो. तिला घासा. चिंच लावून, चांगली रगडून घासा. ती पितळेची आहे, तिचं तोंड जायचं नाही. आईसारखा तिला खण शिवा, नाकात मोत्याचा दाणा घाला, आणि पुढच्या शुक्रवारी फोनवर अफशाँला मोठ्याने सांगा, अशी लख्ख झालीय, तोंड बघून घे.

झाकण उघडं असेल तर मी ऐकेन. इथे तांदळात बसून जळेन हवं तर. त्याची मला सवय आहे.